शिंपल्यांची दोरी

तारांतोच्या खाडीत जन्मभर पाण्यात सोडलेल्या दोऱ्यांवर शिंपले वाढवलेला कोसिमो मिलानला लेकीकडे राहायला आला आणि त्याचं ताट भरलेलंच परत जाऊ लागलं. त्याचा जीव रमावा म्हणून इमाकोलाताने समुद्रघोडे पाळायला उंच काचेची टाकी आणली.

"पंप इतका हळू का गं?"

"जोराच्या पाण्यात ते दमतात, बाबा. आणि शेपटीने धरायला ओळखीचं काहीतरी लागतं. नाहीतर नुसते भरकटतात, खाणं सोडतात."

"माझी शिंपल्यांची जुनी दोरी कुठे टाकलीस?"

"बाल्कनीत. वास मारते ती."

"आण."

टाकीत सोडायची असेल म्हणून तिने नाक मुरडत दोरी आणली. कोसिमोने ती आपल्याच मनगटाला गुंडाळली आणि खुर्चीत टेकला.

"जेवायला काय केलंयस?"