भिंतीवरचं लेकरू

"कालच त सारवलं होतं भिताड. आज यानं त्याले पोट्टं चिकटवलं," तुळसाबाई उंबऱ्यात तंबाखू मळता मळता पुटपुटली. ऐकायला जवळ फक्त सून भागिरथा होती, आणि तिच्या कानावर पडलेलं अलीकडं आत जात नव्हतं.

गोविंदसिंग पेंटर कामरगावहून सायकलवर आला होता. भिंत दवाखान्याच्या साहेबानं निवडली होती. एसटीतून उतरणाऱ्याला आधी हेच घर दिसायचं, म्हणून. निळी, वीतभर उंचीची अक्षरं झाली होती: 'देवीचा रोगी लपवू नका. दवाखान्यात कळवा.' पण वाचता न येणाऱ्यालाही कळलं पाहिजे, असं साहेबानं बजावलं होतं. तेव्हा अक्षरांशेजारी चित्र. अंगभर फोड आलेलं लेकरू.

शेजारची चतुराबाई पाण्याला निघाली होती. चित्र पाहून ती कमरेवरच्या रिकाम्या हंड्यासकट हसली.

"काहून रे गोविंदसिंग, हे त लगनातलं पोट्टं दिसून राह्यलं. तोंडाले बुंदी चिकटली वाटते!"

"हसा, हसा." गोविंदसिंगनं कुंचला डब्यात टाकला. "सिनेमाचे बोर्ड रंगवनारा मानूस मी. साहेबानं फोटो दाखवला अन् लगेच खिशात घातला. आता तुमीच सांगा, कसे असतेत फोड?"

फोड कसे असतात हे गल्लीला माहीत होतं. मागच्या शिमग्यात याच घरात पाहिले होते. त्याच्याआधी सुईवाले येऊन अख्ख्या गल्लीला देवी टोचून गेले होते. एक लहानगा दंड तेवढा राहिला होता. तो कसा राहिला, हे कोणी विचारलं नव्हतं. चतुराबाईला एकदम पाण्याची आठवण झाली.

भागिरथा उठली. शेणाचे हात धुतले, पदराला पुसले.

"पोटावर कमी करा, भाऊ. कपाळावर दाट. तळहातावर येतेत. तळपायावरबी."

"तळपायावर?"

"मंग चालता येत नाई."

भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं, तसा आवाज. गोविंदसिंगनं बुंदी पुसली आणि पुन्हा बसला.

"डोळे?"

"एक मिटलेला. एक जरासा उघडा."

"बरं."

"केस भुरे. पुढून उभेच राह्यतेत. पानी लावलं तरी."

केसांचा आणि देवीचा काही संबंध नव्हता. गोविंदसिंगनं एकदा तिच्याकडं पाहिलं आणि भुरा रंग कालवायला घेतला.

मग कान थोडे बाहेर आले. मग हनुवटीखाली तीळ आला. भागिरथा उन्हात उभी होती. ऊन लागत असल्याचं तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. त्या घरात लेकराचा फोटो असा नव्हताच. जत्रेत काढायचा होता. जत्रा नंतर आली.

भागिरथाची आधीची लेकरं टिकली नव्हती, म्हणून हा जन्मला तसा त्याला उकिरड्यावर ठेवून उचलला होता आणि नावही तसंच ठेवलं होतं. असल्याला कोण नेतं, असं मरणाला वाटावं म्हणून. मरणानं नाव विचारलं नाही. तेव्हापासून घरातही ते कोणी घेतलं नव्हतं. त्याच्या गोधडीला गोधडी म्हणत, त्याच्या वाटीला वाटी. त्याला काहीच म्हणत नव्हते.

उंबऱ्यातली तुळसाबाई भिंतीकडं मान वळवून बसली होती. मळलेली तंबाखू तळहातावर तशीच होती.

गोविंदसिंग चार पावलं मागं सरला. "जमलं?"

"जमलं," भागिरथा म्हणाली.

चतुराबाई भरला हंडा डोक्यावर घेऊन परत आली, भिंतीसमोर थांबली. हंड्यातलं पाणी हिंदकळून तिच्या खांद्यावर सांडलं. तिनं पुसलं नाही.

"चांगलं काढलं बापा," ती घाईघाईनं म्हणाली. "कोनाचंबी लेकरू वाटते."

"कोनाचंबी काहून?"

तुळसाबाई उठली होती. चौकटीला धरून, एकेक पायरी उतरून ती भिंतीजवळ आली. ओल्या रंगाजवळ बोट नेलं, लावलं नाही.

"उकंड्या हाय थो आपला. अन् डाव्या कानातली बाळी राह्यली तुही, गोविंदसिंग. सुईवाले आले तवा म्याच त्याले जवारीच्या कनगीमांगं दाबून बसवला होता, तवाबी होती कानात."