नवऱ्याचं नाव

"बा, तमारा पतिनुं नाम शुं?" डॉक्टरांनी विचारलं.

धुरपदाबाईनं ओठ घट्ट मिटले. डोक्यावर धरलेलं उपचाराचं चुंबक नुकतंच बाजूला झालं होतं. तिनं विस्कटलेल्या केसांवर पदर ओढला आणि ती भिंतीकडे बघत बसली.

"याद नथी," डॉक्टर पुटपुटले आणि त्यांनी फुली मारली.

शेजारच्या खुर्चीवर सून योगिता बसली होती. म्हातारीला नाव चांगलं आठवत होतं. हिलाल. पण जुन्या वळणाची खानदेशी बाई जीव गेला तरी नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात एकदा घेते, तेही बायका "नाव घे, नाव घे" म्हणून मागे लागतात तेव्हा. डॉक्टर तरुण होते, परदेशात शिकून आलेले. त्यांना हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं, पण योगितानं ते सांगितलं नाही.

सासू बरी होऊ नये, एवढंच तिला हवं होतं. महिनाभरात फरक दिसला नाही, तर तिचा नवरा गजेंद्र आईला खानदेशात पारोळ्याला मोठ्या भावाकडे सोडून येणार होता. बरी झाली, तर ती इथेच, सुरतेतल्या बमरोलीच्या एका खोलीत, सुनेच्या छातीवर बसणार होती.

दोघींचं पहिल्या दिवसापासून वाकडं. योगिता शहरात प्लेग आला त्याच्या पुढच्या साली सून म्हणून आली. सुरतेतच वाढलेली, शिकलेली. डोक्यावर पदर नाही, आणि नवऱ्याला सरळ "गजेंद्र" म्हणून हाक. धुरपदाबाईनं पहिल्याच आठवड्यात अख्ख्या चाळीला ऐकवलं होतं, "नवराले नाव घीसन हाका मारस!"

मग या उन्हाळ्यात एका दुपारी म्हातारी भजनाहून लवकर परतली, तिनं दार ढकललं आणि ती उंबऱ्यातच कोसळली. तिला लकवा मारला होता. गजेंद्र कारखान्यात यंत्रमागावर, पाळी संपायला अवकाश होता. समोरच्या खोलीतला रिक्षावाला लखन त्या दुपारी घरीच होता म्हणून बरं, असं सगळी चाळ म्हणाली. त्यानंच तिला आपल्या रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

हातपाय परत आले, पण डोकं भरकटलं. माणसं ओळखू येईनात, बोलताना वाक्य मध्येच सुटायचं. डॉक्टरांचं चुंबकाचं यंत्र टकटक वाजत मेंदूच्या सुस्तावलेल्या भागाला ढोसायचं. प्रयोग आहे, खात्री देत नाही, असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

दवाखान्याबाहेर लखनची रिक्षा उभी होती.

"यानी रिक्षामा मी नही बठसू," धुरपदाबाई म्हणाली आणि थुंकली.

"बसा गुमान," योगितानं तिला दंडाला धरून आत ढकललं. "माणसं कळत नाहीत ती नाहीत, वर तोरा."

लखन हसला आणि त्यानं रिक्षा चालू केली.

रात्री जेवताना गजेंद्रनं विचारलं, "दवाखान्यात कशानं गेलात दोघी?"

"समोरच्या रिक्षानं."

"लखनला सांग, परवा पण ये म्हणून."

"सांगते त्यांना."

पण यंत्र गुण दाखवायला लागलं. म्हातारी वार सांगू लागली, आकडे उलटे म्हणू लागली. एका सकाळी तिनं कप खाली ठेवला आणि सुनेकडे रोखून पाहिलं. "चहामा साखर नही टाकी तू. मुद्दाम."

योगितानं कप उचलला आणि चहा मोरीत ओतला. त्या दिवसापासून म्हातारी तिच्यावरची नजर काढेना. योगिता जिन्यात कोणाशी बोलते, कोणाला काय म्हणून हाक मारते, कोणाचं नाव घेत नाही, सगळं ती दारात बसून ऐकायची. योगितानं एकदा दार तिच्या तोंडावर आपटलं. म्हातारी जागची हलली नाही.

शेवटच्या तपासणीला गजेंद्र रजा टाकून आला. धुरपदाबाईनं भाज्यांची नावं सांगितली, चित्रं ओळखली, शंभरातून सात-सात वजा करत खाली आली. डॉक्टर खूश झाले. मग नेहमीचा प्रश्न आला आणि नेहमीसारखेच ओठ मिटले.

गजेंद्र हसला. "डॉक्टरसाब, माँ नहीं बोलेगी. हमारे में औरत अपने मरद का नाम नहीं लेती."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "पहले क्यों नहीं बताया?" त्यांनी योगिताला विचारलं.

"मुझे लगा, भूल गई हैं."

"आप भी नहीं लेतीं?"

"मैं ये सब नहीं मानती," योगिता म्हणाली. सासूच्या डोळ्याला डोळा भिडवून तिनं खणखणीत आवाजात नाव घेतलं. "गजेंद्र."

धुरपदाबाई हसली. लकवा मारल्यापासून पहिल्यांदाच.

"डॉक्टर," ती सावकाश म्हणाली, एकही शब्द न अडखळता, "आते तिले त्या रिक्षावालानं नाव घेवाले सांगा."

डॉक्टरांना अहिराणी कळली नाही. "क्या बोलीं?" त्यांनी गजेंद्रला विचारलं.

गजेंद्र बायकोच्या तोंडाकडे बघत होता. खाली रिक्षाचा हॉर्न वाजला.

"घे नाव," तो म्हणाला.

योगिताचा हात आपसूक पदराकडे गेला, आणि तिनं तो डोक्यावरून ओढून घेतला.