‘अहो’ला दोन उत्तरे

सकाळी सहा वाजता कुमुदिनीबाईंनी चहात आले किसले, दोन कप मांडले आणि चार वर्षांपूर्वी वारलेल्या, पण मनाची प्रत संगणकात जपलेल्या यजमानांना रोजच्यासारखी हाक मारली, “अहो, उठलात का?”

“उठलो गं!” संगणकातून एकाच आवाजात दोन उत्तरे आली.

“आई, बाबांची एका वेळी एकच प्रत चालू राहायची, ती अट मी काढली,” मुलगा नचिकेत म्हणाला. “दुसरे नातवंडांचा अभ्यास घेतील.”

“कुमुद, माझ्या आवाजात कोण बोलतंय?” दोघांनीही घाबरून विचारले.

“यातले माझे कोणते रे?”

“दोन्ही तेच, आई. काडीचा फरक नाही.”

बाईंच्या ‘अहो’त दोघांना जागा नव्हती. त्यांनी दोन्ही प्रती कायमच्या पुसल्या आणि दुसरा कप कोराच फडताळात ठेवला.