सुकाणू सोलेनच्या हातात

"रंग सांग, रंग!" गिल्दास ओरडला. "पुढच्या पाण्याचा रंग काय?"

"निळा. गडद निळा."

"आणि डाव्या अंगाला?"

"तपकिरी. अरे, समोरच तर आहे! बघ ना स्वतः!"

"मी बघून काय उपयोग? सुकाणू तुझ्या हातात आहे. तपकिरी म्हणजे प्रवाळ. बोल, केवढ्यावर आहे?"

सोलेनने सुकाणू दोन्ही हातांनी घट्ट धरलं. बेटाभोवतीच्या प्रवाळाच्या कड्यातली ही एवढीच वाट, आणि आतलं सगळं पाणी त्याच वाटेने उसळत बाहेर यायला निघालेलं. शिडाची बोट जागच्या जागी थरथरत होती. अशा वेळी एकाने डोलकाठीपाशी उभं राहून वाट दाखवायची आणि दुसऱ्याने सुकाणू धरायचं, ही साधी रीत. तिचा नवरा गिल्दास मात्र काळा चष्मा लावून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, लाँचमधल्या उतारूसारखा बसून होता. नुसते प्रश्न विचारत होता.

तिने बोट आत आणली. कशी आणली ते तिचं तिलाच कळलं नाही. आतलं पाणी काचेसारखं होतं. नारळाच्या झाडांखाली चर्चचं लाल छप्पर दिसत होतं.

"नांगरही मीच टाकू ना?" तिने विचारलं.

"मग कोण? मी पाण्यात पडलो तर मला काढायला कोण येणार आहे?"

हीच बोट गिल्दासने फ्रान्समध्ये, ब्रिटनीत, घरामागच्या शेडमध्ये स्वतःच्या हाताने बांधली होती. सुरुवातीला तो तिला सुकाणूला हातसुद्धा लावू देत नसे. "तू फक्त कॉफी कर, राणीसाहेब," म्हणायचा आणि तिच्या मानेवर ओठ टेकवायचा. तो माणूस कुठे गेला, हे सोलेनला कळत नव्हतं. मार्केसास बेटं सोडल्यापासून त्याने एकेक काम तिच्या अंगावर टाकलं. आधी इंजिन, मग शिडं, आता सगळंच. चुकलं की बोलणी. चहाचा पेला रोजच्या जागेपासून वीतभर इकडे ठेवला म्हणून एकदा त्याने आकाशपाताळ एक केलं होतं. पेला त्याच्याच हाताने सांडला होता, आणि दोष तिला.

शेजारच्या बोटींवर पत्ते खेळायला जाणं त्याने बंद केलं. मासे मारायला पाण्यात उतरणं बंद केलं. पुस्तकं तर कधीच गुंडाळून ठेवली होती. दिवसभर बसून राहायचा आणि हुकूम सोडायचा.

मागच्या बेटावर तिने कमरेपर्यंतचे केस कापून कानापर्यंत आणले. शेजारच्या बोटीवरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. गिल्दासने मात्र एक शब्द काढला नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. ती आत जाऊन रडली. इतकं नकोसं झाल्यावर माणसाने राहायचं तरी कशासाठी?

नांगर धरला. बोट स्थिरावली.

"साखळीला हात लावून बघितलंस? ताण आहे?"

"आहे."

चष्म्याआडून पाण्याकडे तोंड करून तो म्हणाला, "छान आणलीस बोट. आता तुला माझी गरज नाही."

एवढ्या सहज बोलला! शेजाऱ्याला निरोप द्यावा तसा.

"बरं," ती म्हणाली.

संध्याकाळी गावातली पाववाली तेहानी आपली लाकडी होडी घेऊन बोटीला येऊन लागली. चांगली दांडगी बाई, केसांत फुलं, हसली की होडी हलायची. "मी तेहानी. उद्या दुपारी गरम पाव आणते," तिने वरच्या आवाजात सांगितलं आणि पुढच्या बोटीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोलेन रबरी होडीने एकटीच गावात गेली. या बेटावर विमान उतरत होतं. तिने राजधानी पापीतीपर्यंतची विमानाची एक जागा नक्की केली, पुढे फ्रान्सला. बाकावर बसून तिने मनात वाक्यं जुळवली. भांडायचं नाही. रडायचं नाही. मी जातेय, एवढंच सांगायचं.

परत निघताना रबरी होडीचं इंजिन चालू होईना. ती दोरी ओढून ओढून दमली. तेवढ्यात तेहानी पावांची टोपली घेऊन निघालेली दिसली.

"या, बसा माझ्या होडीत," तेहानी म्हणाली. "तसंही तुमच्याकडेच पहिली येणार होते. काल तुमचे मालक केवढ्यांदा ओरडत होते हो! किनाऱ्यापर्यंत ऐकू येत होतं."

"सवय आहे त्यांना."

"आमचे तर माशांवरही ओरडायचे. मासे कुठे ऐकतात!" ती खदखदून हसली. सोलेनला हसू आलं नाही.

बोटीपाशी तेहानीने तिच्या हातात दोन पाव दिले आणि होडी पुढे नेली. सोलेन शिडी चढून वर आली. भर दुपारचं लख्ख ऊन होतं. गिल्दास मागच्या बाकावर बसला होता. काळा चष्मा काढून तो सदऱ्याच्या टोकाने पुसत होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. जुळवलेली वाक्यं ती मनात पुन्हा एकदा म्हणून बघत होती. सरळ, सडपातळ, पांढुरक्या कातडीची ती, हातात पाव धरून नुसती उभी.

गिल्दासने मान वर केली. थेट तिच्या चेहऱ्याकडे बघत तो हसला. कित्येक महिन्यांत तो तिच्याकडे बघून असं हसला नव्हता.

"या, तेहानी," तो म्हणाला. "पाव इथेच ठेवा. माझी बायको गावात गेलीय, येईल एवढ्यात."