आचलची ओढणी

"ओ काका, बायकांच्या संडासापाशी रोज काऊन उभे राहता?" मैत्रिणींची पैज म्हणून वर्षालीनं आर्वीच्या डेपोमागच्या वस्तीत त्या माणसाला विचारलंच. तो मान खाली घालून निघाला. नळावरच्या पोरींनी शिट्ट्या मारल्या, वर्षाली हातातली ओढणी सोडून टाळ्या द्यायला धावली. ओढणी आत गेलेल्या मैत्रिणीची, आचलची. संडासाला कडी नव्हती, म्हणून आतलीची ओढणी दाराला बांधून मैत्रिणीनं बाहेरून ताणून धरायची. मागच्या बोळातून तो परतला. किंकाळी ऐकून वर्षाली पोचली, तोवर तो पळाला होता. आठवडाभर आचल शाळेत आली नाही, ओढणी सोडल्याचं वर्षालीनं घरी सांगितलं नाही. "एकटी काऊन गेलती आचल?" आई म्हणाली. "तू गप राह्यजो," बाबा वर्षालीला म्हणाले. वर्षालीनं त्या दिवसापासून तिच्याकडेच राहिलेली ओढणी दप्तरातून काढली. "एकटी नोती, आई. ओढणी माह्या हातात होती, मीच सोडली. उद्या तिच्यासंग ठाण्यात चालली मी."