सतरा नंबरचा शिक्का

"देशी नको, डॉक्टरसाहेब. परदेशीच बसवा," रुद्रेश म्हणाला.

त्याची आई, गुरम्मा, दवाखान्यातल्या खाटेवर उठून बसली. गुडघ्याने तिला दोन वर्षं घरात डांबलं होतं. गल्लीतल्या मठापर्यंतसुद्धा जाता येत नव्हतं.

"आरं, तू कारखान्यात गुडघ्याचे सांधेच तपासतूस की! मग आपल्या लातूरचा का न्हाई? तुझ्या हाताखालून गेलेलाच बसवू."

"तुला न्हाई कळत, अव्वा."

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. इथे तर पिकवणाराच नको म्हणत होता. त्याला आपली माणसं ठाऊक होती. कशालाही 'चालतंय की' म्हणणारी. आणि स्वतःलाही तो ओळखून होता. गेल्या शिवरात्रीला सिद्धेश्वराच्या जत्रेची घाई होती. शेवटचा अख्खा ट्रे त्याने मापं न तपासताच पास केला. प्रत्येक सांध्याच्या चिठ्ठीवर तारीख आणि आपला सतरा नंबरचा शिक्का मारून मोकळा झाला. माल बाहेरदेशी जाणार होता. गोरे लोक पुन्हा मोजतातच, त्यांचं काम चोख! पुढे तो कोणाच्या नावाने विकला जातो ते कारखान्यात कुणी सांगत नसे. त्यानेही कधी विचारलं नव्हतं.

आईला हे सांगायची त्याला लाज वाटली. पण तिच्या पायाशी खेळ नको होता.

"बरं बाबा, तू म्हणशील तसं. तुला त्यातलं कळतंय," गुरम्मा म्हणाली. कपाळाला विभूती लावून ती ऑपरेशनसाठी आत गेली.

दोन तासांनी सिस्टर बाहेर आली. हातात फाईल आणि एक रिकामी, गुळगुळीत पेटी. पेटीवर परदेशी कंपनीचं नाव झळकत होतं.

"झालं बघा. फॉरेनचा माल हाय, काळजीच न्हाई. ही आतली चिठ्ठी फाईलला लावायची हाय. वाचा आन् सही करा."

रुद्रेशने चिठ्ठी हातात घेतली. तारीख शिवरात्रीची होती. खाली शिक्का होता, सतरा. त्याच्या खाली दुसऱ्या कुणाचाच शिक्का नव्हता.

त्याने चिठ्ठी उलटून पाहिली. मागची बाजू कोरी होती.

सिस्टरने पेन पुढे केला.

"घाई न्हाई, दादा. नीट तपासून करा."