शेवटची दोन बोटं

"आठ पॉइंट एक," मिस्त्री म्हणाला, आणि धाकट्याने कपाळावर हात मारून घेतला.

बंदुका दुरुस्त करणाऱ्या याच मिस्त्रीने सकाळी याच रायफलचं कॅलिबर, म्हणजे नळीचं आतलं माप, सात पॉइंट सात लिहून दिलं होतं. तो कागद घेऊन धाकटा पोलीस कचेरीच्या खिडकीवर गेला. खिडकीवरच्या साहेबांनी नळीच्या तोंडात आपलं माप घातलं. आकडा जुळेना. त्यांनी अर्ज बाहेर सरकवला. "कागदावर एक, नळीत एक! बंदूक आहे की रबर?"

आता साडेतीन वाजले होते. खिडकी पाचला बंद होणार होती आणि आज शेवटचा दिवस होता. नव्या नियमाने प्रत्येक जुन्या बंदुकीचा अर्ज भरायचा होता. अर्जावर दोन चौकोन होते, ‘वारस ठेवणार’ आणि ‘जमा करणार’. जमा झालेली बंदूक थेट भट्टीत जायची. धाकट्याने ‘जमा’वर केव्हाच खूण केली होती. पण वितळवायलासुद्धा त्यांना कॅलिबर हवं होतं. फाशी देण्याआधी चपलेचं माप विचारावं, तसला प्रकार.

खूण केली होती ती आईच्याच सांगण्यावरून. रायफल वडिलांची, सैन्यातून घरी येताना बरोबर आलेली. वडील जाऊन बावीस वर्षं झाली. तेव्हा आईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. मोठी ताई ते अजून बोलून दाखवायची आणि धाकटा मान डोलवायचा. आईने रायफल पलंगाखालच्या लांब पेटीत टाकली आणि विषय निघाला की तिचं एकच पालुपद, "घाला ती भंगारात. माझ्या डोक्याचा ताप तरी जाईल."

सही तिची लागणार, म्हणून तिलाही आणावं लागलं होतं. दुकानाबाहेरच्या बाकावर बसून ती दर पाच मिनिटांनी ओरडत होती, "झालं का रे?" सकाळीही घरातून निघता निघेना. कारण काय, तर मशीनचं तेल संपलंय, येताना बाटली आण. आता शिलाई मशीन विकून सहा वर्षं झाली होती!

"तेलाचं करतेस काय? भाजीत घालतेस?" धाकटा करवादला होता.

"बिजागऱ्या कुरकुरतात," आई म्हणाली होती. सहा वर्षं तो बाटल्या आणत होता आणि घरातली एकूण एक बिजागरी कुरकुरतच होती.

"मिस्त्री, कुठला तरी एक आकडा ठरवा हो!"

"मी काय लिलाव करतोय?" मिस्त्रीही कातावला होता. त्याने शिशाची मऊ गोळी घेतली, नळीत मागच्या बाजूने बसवली आणि गजाने पुढे ढकलू लागला. गोळी घट्ट होती. इंच इंच सरकत होती. तोंडाजवळ शेवटची दोन बोटं राहिली आणि ती एकदम सैल होऊन टपकन टेबलावर पडली.

मिस्त्री गोळीकडे बघत राहिला. "तुमचे वडील रोज बार काढायचे का?"

"घरी आणल्यापासून एकदाही नाही."

मिस्त्रीने टॉर्च लावून मागून पाहिलं, मग पुढून पाहिलं. "आतल्या खाचा अगदी कोऱ्या. झिजलंय फक्त तोंड, तेही एका बाजूने. ही गोळीने झिजलेली नाही साहेब, गजाने झिजली आहे. कुणीतरी तोंडाकडून गज घालून साफ करत आलंय. रोज. कित्येक वर्षं."

"वडीलच असतील."

"छे! सैनिक मागचा बोल्ट काढून तिकडून गज घालतो. बंदूक उघडता येत नाही अशा माणसाचं काम आहे हे." मिस्त्रीने नळीतून एक चिंधी फिरवली आणि नाकाशी धरली. "आणि तेल तर ताजं आहे. शिलाई मशीनचं."

धाकट्याला सकाळची तेलाची बाटली आठवली. दुपारी आईशिवाय घरात कुणी नसायचं, बाकी सगळे कामावर. त्याला स्वतःची लाज वाटली, आधी तेलावरून बोललो त्याची आणि मग बावीस वर्षं मान डोलावली त्याची.

"खरं माप सात पॉइंट सात," तो म्हणाला. "तोंड साफसफाईने झिजलंय, असं खाली लिहा. शिक्का मारा." मग त्याने मिस्त्रीचंच पेन घेतलं आणि अर्जावरची एक खूण खोडून दुसरी केली.

बाहेर येऊन त्याने अर्ज आईपुढे धरला. तिने चष्मा लावला, सही करायला पेन टेकवलं आणि थांबली.

"‘ठेवणार’वर खूण कुणी केली?"

"मी."

"मोठा शहाणा! भंगारात घाल म्हणून घसा कोरडा केला ना मी? आता होत नाही रे माझ्याने. मनगटं दुखतात."

"मग थांबायचंस ना, आई! रोज पुस म्हणून तुला कुणी सांगितलं होतं?"

"ह्यांनी. दुसरं कोण सांगणार?" आई वैतागून म्हणाली. "दवाखान्यात जाताना म्हणाले, मी येईपर्यंत रोज पुसत जा. आता हे आलेच नाहीत, तर मी थांबायचं कधी?"